नवी फायबर होडी आणि इंजिन घेताना भाव कसा ठरवायचा

किनाऱ्यावर वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून काम केलेला माणूस स्वतःची होडी घ्यायला निघतो तेव्हा त्याला समुद्र ठाऊक असतो, बाजार ठाऊक नसतो. हा लेख अशा माणसासाठी आहे. किनाऱ्यालगत जाळी मारायला दोन-तीन माणसांची फायबरची होडी आणि मागे आउटबोर्ड इंजिन, एवढीच खरेदी इथे धरली आहे. मोठ्या ट्रॉलरचे आणि पर्सीनचे (घेराच्या मोठ्या जाळ्याच्या नौकांचे) व्यवहार वेगळे, त्यांत मी शिरत नाही.

या खरेदीत विक्रेते दोन असतात: होडी बांधणारा कारखानदार आणि इंजिनाचा डीलर. कधी एकच माणूस दोन्ही विकतो आणि सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगतो. तो तसाच धरून बसू नका. होडीचा भाव वेगळा, इंजिनाचा वेगळा आणि बाकी सामान व वाहतूक वेगळी, असे तीन आकडे मागा. एका आकड्यात कुठे किती धरलंय ते दिसत नाही, आणि दिसत नाही त्यावर बोलता येत नाही.

पहिली पायरी: कारखान्यात जायच्या आधी

आधी स्वतःच्या बंदरात फिरा. तुम्हाला हवी त्याच मापाची, शक्यतो त्याच कारखान्याच्या त्याच साच्यातून निघालेली आणि तीन-चार हंगाम मारलेली होडी शोधा. तिच्या मालकाला विचारा की पहिली चीर कुठे गेली. उत्तर बहुतेक तीन जागांपैकी एक असतं: इंजिन बसतं ती मागची पाटी, वाळूवर घासतो तो तळाचा मधला भाग, किंवा जेट्टीला आपटतो तो काठ. त्याच कारखानदाराकडे गेल्यावर नेमकं तिथलं काम वाढवून मागायचं. मालकाने किती दिले हेही विचारा, आणि ठरल्यापेक्षा वर किती गेले ते जास्त आग्रहाने विचारा.

मग आपली गरज कागदावर लिहा. लांबी, रुंदी, खोली फुटांत. होडी रोज वाळूवर ओढायची की खाडीत नांगरून ठेवायची. किती माणसं, किती जाळी, किती बर्फ. हर्ण्याला किंवा मालवणला किनाऱ्यावरून होडी लोटणाऱ्याची गरज आणि जेट्टीला बांधणाऱ्याची गरज एक नसते. हा कागद नसला की विक्रेता त्याच्याकडे तयार पडलेली होडीच तुमच्यासाठी कशी योग्य आहे ते पटवतो, आणि बोलणं त्याच्या मापाने चालू होतं.

पैसे देण्याआधीची आणखी एक गोष्ट याच पायरीवर उरका. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जा आणि तीन प्रश्न विचारा. या मापाच्या नव्या नौकेला बांधणीची पूर्वपरवानगी लागते का? मासेमारीचा परवाना मिळेल का? अनुदानाची कोणती योजना सध्या चालू आहे? २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला मंजूर खर्चाच्या ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थ्याला ६० टक्के मदतीची तरतूद ठेवली होती. अनुदान घ्यायचं असेल तर मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी इसार देऊ नका आणि बिलही करून घेऊ नका. आधी खरेदी, मग अर्ज, असं केलं की अनुदान हातचं जाऊ शकतं.

दुसरी पायरी: कधी जायचं

माझ्या मते निम्मा भाव इथेच ठरतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ऑगस्ट उजाडला, नारळी पौर्णिमा तोंडावर आली, की ज्याला त्याला होडी पाण्यात हवी. जुलैमध्ये कारखान्यात गेलात तर चार होड्या रांगेत असतात, कारागीर रात्रपाळी करत असतात आणि मालकाला तुमची ऑर्डर गेली तरी चालण्यासारखं असतं. तिथे भाव तुटत नाही.

पण भावापेक्षाही मोठं कारण दुसरं आहे. फायबरची होडी म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन (सुकून कडक होणारी राळ) यांचे एकावर एक थर. मॅटने ओल धरली की रेझिन तंतूंना नीट धरत नाही, थर नीट सुकत नाहीत आणि पुढे तिथेच पापुद्रे सुटतात. कोकणातल्या पावसाळी हवेत, पत्र्याच्या उघड्या शेडखाली चांगला थर बसवणं कठीण असतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हवा कोरडी असते, कारखान्यात काम कमी असतं आणि कारागिराकडे वेळ असतो. त्या दिवसांत ऑर्डर दिलीत तर भावही नरमतो आणि कामही चांगलं होतं. दोन्ही एकदम मिळण्याची ही एकच वेळ आहे.

इंजिनासाठी मार्चअखेर बघा. अनेक डीलरना कंपनीने वर्षाचं उद्दिष्ट दिलेलं असतं, आणि मागच्या वर्षाचा माल पडून असेल तर तो त्यांना काढायचा असतो. मागच्या वर्षी बनलेलं इंजिन घ्यायला हरकत नाही, फक्त बनवल्याचं वर्ष विचारा आणि त्याचा उल्लेख करून भाव मागा.

तिसरी पायरी: कोटेशन कसं मागायचं

"सव्वीस फुटीचे किती?" असं विचारलंत तर तुम्हाला फक्त आकडा मिळेल. त्यापेक्षा असं बोला: "शेठ, आकडा राहू दे. आधी थर सांगा."

थर म्हणजे काय ते थोडक्यात. साच्यात सगळ्यात आधी रंगाचा जेलकोट मारतात. त्यावर तुटक तंतूंची मॅट, त्यावर विणलेलं रोव्हिंग, पुन्हा मॅट, असं चढत जातं. मॅटचं वजन चौरस मीटरला ग्रॅममध्ये मोजतात, ३०० आणि ४५० ग्रॅम ही नेहमीची मापं. रोव्हिंग साधारण ६०० ग्रॅमचं असतं. तळाला किती थर, कडेला किती, मागच्या पाटीला किती, हे आकड्यांत लिहून मागा. रेझिन कोणतं हेही लिहून घ्या. आयसोफ्थॅलिक रेझिन खाऱ्या पाण्याला साध्या रेझिनपेक्षा चांगलं टिकतं आणि महागही असतं. सगळी होडी त्यात परवडत नसेल तर निदान बाहेरचे, पाण्याला लागणारे थर त्यात करून मागा.

मागच्या पाटीत लाकूड कोणतं घालणार ते विचारा. ते आयएस ७१० दर्जाचं मरीन प्लायवूड हवं, आणि त्यात पाडलेलं प्रत्येक भोक रेझिनने बंद केलेलं हवं. पाटीत पाणी शिरलं की लाकूड आतून कुजतं, बाहेरून काही दिसत नाही आणि एक दिवस इंजिन हलायला लागतं. नटबोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे मागा, ३०४ खाऱ्या पाण्यात लवकर गंजतं. होडी पाण्याने भरली तरी तरंगावी म्हणून बंद कप्प्यांत फोम भरणार का, कुठल्या कप्प्यांत, तेही लिहून घ्या. हा प्रश्न भावाचा नाही, जिवाचा आहे, त्यामुळे त्यात सूट मागू नका.

आणि शेवटचा प्रश्न: इंजिन आणि सामान सोडून नुसत्या होडीचं वजन किती भरेल? नवा माणूस हा प्रश्न विचारत नाही. फायबरच्या होडीची किंमत मुख्यतः रेझिन, काच आणि मजुरी यांची असते. एकाच मापाच्या दोन होड्यांत भावाचा फरक मोठा असेल तर तो कुठे गेला ते वजन सांगतं. वजन सांगायला जो टाळाटाळ करतो त्याचा स्वस्त आकडा तुलनेला घेऊ नये.

चौथी पायरी: दोन आकडे शेजारी ठेवायचे

निदान दोन कारखान्यांचं लेखी कोटेशन हवं. समजा (हे आकडे फक्त हिशेब दाखवायला घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नाही) पहिल्याने ३,१०,००० सांगितले आणि त्यात जीएसटी, काठाचं रबर, मासळीच्या कप्प्याचं झाकण आणि तुमच्या बंदरापर्यंतची वाहतूक धरली. दुसऱ्याने २,७०,००० सांगितले. चाळीस हजार वाचले असं वाटतं. पण दुसऱ्याच्या आकड्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे १३,५००. रबर ९,०००, झाकण ८,०००, वाहतूक १४,०००. बेरीज ३,१४,५०० होते. स्वस्त वाटलेली होडी साडेचार हजारांनी महाग निघाली, आणि थरांची तुलना अजून व्हायचीच आहे.

करांचं एक लक्षात ठेवा. मासेमारीची नौका जीएसटीच्या ८९०२ या शीर्षात बसते आणि तिच्यावर ५ टक्के कर आहे. हौशीच्या आणि खेळाच्या बोटी ८९०३ मध्ये मोडतात, त्यांना कर कितीतरी जास्त लागतो. मासेमारी नौकेत बसणाऱ्या डिझेल मरीन इंजिनालाही ५ टक्केच लागतो, हे केंद्राने २०१८ साली परिपत्रक काढून स्पष्ट केलं. पेट्रोल आउटबोर्ड घेत असाल तर डीलरकडून एचएसएन क्रमांक (जीएसटीत मालाचा प्रकार सांगणारा आकडा) आणि लावलेला दर दोन्ही लेखी घ्या. चढा दर लावला असेल तर कारण विचारा, आणि नौका मासेमारीचीच आहे याचा कोणता कागद दिला तर दर बदलेल तेही विचारा.

पाचवी पायरी: बोलणीला बसताना

एकटे जाऊ नका. होडीतलं कळणारा एखादा जुना तांडेल (नौकेचा प्रमुख) सोबत असावा. आणि कोळ्याच्या घरात पैशाचा व्यवहार आणि बाजारातली विक्री बहुतेक वेळा बाईच्याच हाती असते. रोज पहाटे मासळीचा भाव करणारी कारभारीण या बोलणीला तुमच्यापेक्षा चांगली बसेल. तिला फक्त सही करण्यापुरतं बोलावू नका, पहिल्या भेटीपासून न्या.

बँकेने किती कर्ज मंजूर केलंय ते सांगू नका. "किती बजेट आहे दादा?" हा प्रश्न नक्की येतो, आणि त्याचं उत्तर दिलं की होडीचा भाव फिरून तिथेच येऊन थांबतो. उत्तर एवढंच द्या: "तुमचा आकडा बघून ठरवू."

आता मुख्य गोष्ट. "एवढ्यात बसवा की हो" असं म्हणून आकडा खाली खेचणं सोपं आहे. कारखानदार हो म्हणेलही. पण रेझिन आणि काच तोही बाजारातूनच विकत घेतो, तिथे त्याचं काही चालत नाही. वीस हजार नुसते घासून कमी केले आणि काम काय ते लिहिलेलं नसलं, तर ते वीस हजार कुठूनतरी भरून निघणारच, आणि सगळ्यात सहज निघतात ते थरांतून. तुम्हाला ते दोन हंगामांनी कळतं. म्हणून प्रश्नाची बांधणी बदला: "थर, रेझिन, पाटी हे सगळं लिहिलंय तसंच राहू दे. त्याला हात न लावता कुठे कमी होतं ते सांगा."

असं विचारलं की खरं बोलणं चालू होतं. डिलिव्हरीची घाई नसेल तर तसं सांगा. त्याच्या मोकळ्या दिवसांत काम करायची मुभा ही त्याच्यासाठी पैशासारखीच आहे. त्याच्या साच्याला आधीच लावलेला रंग चालत असेल तर तो घ्या. वाहतुकीला त्याची गाडी दुसरी होडी घेऊन तुमच्याच बाजूला येणार असेल तर त्या फेरीला जोडून मागा. आकडा अगदीच हलत नसेल तर वस्तू मागा. डागडुजीला लागणारी थोडी मॅट, रेझिन आणि ते सुकवणारं कॅटॅलिस्ट, नाव व नोंदणी क्रमांक रंगवून देणं, तळाला वाळूसाठी एक जादा पट्टी. या गोष्टी कारखान्यात त्याला स्वस्त पडतात आणि बाहेर तुम्हाला महाग.

"पडत नाही शेठ," असं तो म्हणाला तर लगेच वाढवू नका, उठून यायची तयारी ठेवा. दोन दिवसांनी फोन केला म्हणून कोणी लहान होत नाही.

सगळ्यात जोरदार हत्यार मात्र घासाघीस नाही, संख्या आहे. तुमच्या मच्छिमार सहकारी संस्थेत आणखी कोण होडी किंवा इंजिन घेणार आहे ते विचारा. चार जणांनी एकत्र मागणी केली तर डीलर एकट्याला न देणारी सूट देतो, आणि मेकॅनिकला बंदरात पाठवायलाही तयार होतो.

बिल न घेण्याच्या सौद्यात अडकू नका. "रोखीत द्या, जीएसटी वाचवतो" हे वाक्य ऐकायला मिळेल. ५ टक्क्यांसाठी तुम्ही नोंदणीचा आधार, बँकेचं कर्ज, अनुदान, विमा आणि वॉरंटी एवढं सगळं सोडता.

सहावी पायरी: इंजिन

इंजिनाची ताकद किती हवी ते होडी बांधणाऱ्याकडून लिहून घ्या आणि तो कागद घेऊन डीलरकडे जा. शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याची, लांबी आधी जुळवा. छोट्या आउटबोर्डला १५ इंची आणि २० इंची असे दोन शाफ्ट मिळतात, आणि होडीच्या मागच्या पाटीची उंची त्यालाच धरून असावी लागते. इंजिन स्वस्त मिळालं म्हणून चुकीचा शाफ्ट घेतला तर पंखा हवा तरी खातो, नाहीतर जास्त खोल जाऊन होडी ओढत राहतो.

सांगितलेल्या भावात इंधनाची टाकी, होस, पंखा आणि हत्यारं आहेत का, विचारा. सूट मागायची तर जादा पंखा, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी चाक), गंज स्वतःवर घेणारा झिंकचा अॅनोड, प्लग आणि पहिली सर्व्हिस मागा. चार-स्ट्रोक इंजिनांची पहिली सर्व्हिस बहुतेक वीस तासांच्या आसपास करायची असते. ती कुठे होणार, बंदरात की शहरात, हे भावाइतकंच महत्त्वाचं आहे. मी तर म्हणेन की दोन डीलरमध्ये थोडा फरक असेल तर ज्याचा मेकॅनिक बंदरात येतो आणि ज्याच्या फळीवर सुटे भाग दिसतात त्याच्याकडून घ्या. हंगामात इंजिन आठवडाभर भागाची वाट बघत पडलं तर वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त मासळी समुद्रातच राहते.

वॉरंटीत दोन गोष्टी बघा. धंद्यासाठी वापरलेल्या इंजिनाची मुदत हौशी वापरापेक्षा अनेकदा कमी असते, म्हणून "मासेमारीसाठी" असं लिहूनच मुदत विचारा. दुसरं, मुदत कधीपासून मोजणार? मार्चमध्ये बिल झालं, होडी मेमध्ये आली आणि जून-जुलै बंदी, तर इंजिन सुरू होण्याआधीच वॉरंटीचे महिने संपत जातात. भाव मार्चमध्ये पक्का करा आणि बिल व वॉरंटी डिलिव्हरीच्या तारखेची मागा. मार्चअखेरच्या उद्दिष्टासाठी बिल तेव्हाच हवं असं डीलर म्हणाला, तर त्या गेलेल्या महिन्यांच्या बदल्यात आणखी सूट मागायला तुमच्याकडे चांगलं कारण आहे.

जुनं इंजिन बदल्यात द्यायचं असेल तर नव्याचा भाव पूर्ण ठरेपर्यंत त्याचं नावही काढू नका.

सातवी पायरी: पैसे कसे द्यायचे

एकदम देऊ नका. माझी पसंती चार हप्त्यांना: ऑर्डरबरोबर २५ टक्के, होडी साच्यातून निघाल्यावर ३५, डिलिव्हरीला ३० आणि पाण्यात चाचणी झाल्यावर १०. प्रत्येक रकमेची पावती घ्या. टक्के थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील, शेवटचा हप्ता मात्र चाचणीनंतरचाच ठेवा. बँक थेट विक्रेत्याला पैसे देणार असेल तर हे टप्पे बँकेलाही आधी सांगून ठेवा.

करारात डिलिव्हरी "पावसाआधी" अशी लिहू नका, तारीख लिहा, आणि उशीर झाला तर काय हेही लिहा. थर चढत असताना कधीही येऊन बघण्याची मुभा लिहून घ्या आणि खरंच जा. जाता येत नसेल तर प्रत्येक थराचा फोटो मोबाइलवर मागवा. आतल्या वांका (आडव्या फासळ्या) आणि वरची जमीन (डेक) बसली की तळ झाकला जातो, म्हणून त्याच्या आधीची भेट चुकवू नका. काठ कापताना किंवा भोक पाडताना निघालेले तुकडे मागून ठेवा. कापलेल्या कडेवर थर आणि जाडी दिसते, ती कोटेशनशी ताडून बघा.

नोंदणी आणि परवान्यासाठी बिल आणि बांधणाऱ्याचं प्रमाणपत्र तुमच्या नावाने, आधार कार्डावरच्या स्पेलिंगसकट बरोबर हवं. नौकेची नोंदणी रिअलक्राफ्ट या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर होते, मासेमारीचा परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मिळतो. पर्यटकांना फिरवायचा विचार असेल तर हा परवाना पुरत नाही, त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावं लागतं, आणि ते होडीची ऑर्डर देण्याआधी.

आठवी पायरी: चाचणी आणि शेवटचा हप्ता

होडी ताब्यात घेताना उजेडात घ्या, संध्याकाळी नाही. तळ आणि कडा नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टिचकावत जा. भरीव जागी आवाज खणखणीत येतो, आत पोकळी असेल तिथे बद्द. आतून पांढरे, कोरडे तंतू दिसले तर तिथे रेझिन पोचलेलं नाही. अशा जागांवर खडूने खूण करा, फोटो काढा आणि दुरुस्तीचं लेखी घ्या. वजनकाटा वाटेत असेल तर गाडी होडीसकट आणि होडीशिवाय तोलून घ्या, सांगितलेलं वजन खरं की खोटं ते तिथेच कळतं.

मग पाण्यात. नेहमीची माणसं आणि नेहमीचं वजन घेऊन जा, रिकाम्या होडीची चाचणी उपयोगाची नाही. नवं इंजिन मात्र पहिल्या फेरीत पूर्ण रेटू नका, त्याच्या पुस्तिकेत दिलेले सुरुवातीचे तास आधी सांभाळून काढा. ते झाले की पूर्ण वेगात इंजिनाचे फेरे पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत येतात का बघा. खालीच अडकत असतील तर पंख्याचा पिच (पात्यांचा पीळ) जास्त आहे, वर जात असतील तर कमी. पंखा बदलून देण्याची अट भाव ठरवतानाच घातलेली असेल तर डीलर तो बदलून देतो, नसेल तर नवा विकत घ्यावा लागतो. परत आल्यावर मागची पाटी, तळाची भोकं आणि बंद कप्पे उघडून पाणी शिरलंय का बघा. सगळं कोरडं असेल तर उरलेले दहा टक्के त्याच दिवशी देऊन टाका. पुढच्या हंगामात डागडुजीसाठी त्याच कारखानदाराला फोन करावा लागणार आहे.